मोफत, खुलं आणि मुक्त



गेल्या आठवड्यात मुंबईहून एक पाहुणे माझ्याकडे यायचे होते. त्यांच्याजवळच्या कार्डावर 'तारापूर' एवढंच छापलेलं. त्यांनी रेल्वेच्या ॲपमध्ये तारापूर शोधलं, तर सापडलं ते गुजरातेतलं, आणंद जिल्ह्यातलं. मी फोनवर म्हटलं, बोईसरचं तिकीट काढा. ते म्हणाले, मग तारापूर नक्की आहे कुठे? आता याचं उत्तर तुम्हीच द्या. तारापूरची औद्योगिक वसाहत बोईसरात. तारापूरचं अणुशक्ती केंद्र अक्करपट्टी-घिवलीच्या किनाऱ्याला. आणि ज्या गावाचं नाव या दोघांनी उचललं, ते आपला जुना किल्ला सांभाळत खाडीच्या कडेला, चिंचणीच्या शेजारी बसलंय.

नाव एकाचं आणि वस्तू दुसऱ्याची, याची आपल्याला सवय आहे. पण नावानं काय बिघडतं, असं मात्र इथं कोणी म्हणू नये. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, तेव्हा 'प्रकल्पग्रस्त' या एका शब्दाचा दाखला मिळवण्यासाठी माणसांनी किती उंबरे झिजवले, ते या सभागृहातल्या काहींनी पाहिलंय. शब्द कागदावर असला तर हक्क मागता येतो, नसला तर गाऱ्हाणं घालावं लागतं.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्या सरांची अट होती की व्याख्यानमालेला त्यांचं नाव द्यायचं नाही. ती अट मीही पाळतो. सर विज्ञान शिकवायचे. शाळेत संगणक आले तेव्हा पन्नाशी उलटल्यावर तेही शिकले, आणि मग आम्हा तरुण शिक्षकांना एका प्रश्नानं छळू लागले: "अरे, हे जे तुम्ही मुलांना शिकवताय, त्याला मराठीत म्हणायचं काय?" आजचा विषय तोच आहे. जगभरच्या शिक्षणक्षेत्रात दोन गट एकाच प्रकारचं सॉफ्टवेअर वापरतात आणि नावावरून भांडतात. एक म्हणतो 'फ्री', दुसरा म्हणतो 'ओपन सोर्स'. सख्ख्या भावांचं भांडण आहे, त्यामुळे मिटत नाही.

आधी सोर्स म्हणजे काय ते सांगतो, आणि त्यासाठी मला चिंचणी-डहाणूच्या बाहेर जायची गरज नाही. आपल्याकडे घरोघर डायमेकिंग चालतं. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरायची, त्या डायवर पत्रा दाबला की दागिन्याचा आकार उठतो. बाजारातून तुम्ही दागिना आणता, घालता, मिरवता. त्याची एक पाकळी तुम्हाला नको असेल तर काय कराल? फार तर कानस माराल. पाकळी खऱ्या अर्थानं बदलायची तर डाय हातात हवा. संगणकावर चालणारा प्रोग्राम म्हणजे दागिना, आणि सोर्स कोड, म्हणजे त्याची मूळ संहिता, हा डाय. फरक एवढाच, की पोलादाचा डाय एकाला दिला तर दुसऱ्याकडे उरत नाही, आणि संहितेची प्रत हजारांना दिली तरी मूळ आपल्याकडे राहते.

रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरचं डोकं फिरलं तेही एका यंत्रावरून. एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरला कागद अडकला की सगळ्यांच्या पडद्यावर सूचना जाईल, अशी सोय स्टॉलमननं स्वतः केली होती. नव्या प्रिंटरला ती करता येईना, कारण त्याची संहिता कंपनीनं दिलीच नव्हती. ज्याच्याकडे होती त्यानं 'कोणाला देणार नाही' असं लिहून दिलं होतं. 1983 मध्ये स्टॉलमननं जीएनयू प्रकल्प जाहीर केला, 1985 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं. त्याच्या मागण्या चार: कशासाठीही वापरता यावं, उघडून अभ्यासता आणि बदलता यावं, दुसऱ्याला देता यावं, बदललेलंही देता यावं. हा गृहस्थ यांची मोजणी शून्यापासून करतो, म्हणजे चौथं स्वातंत्र्य तिसऱ्या क्रमांकाचं. प्रोग्रामर मंडळींचा विनोद आहे, सोडून द्या.

गोची इंग्रजीत झाली. फ्री म्हणजे स्वतंत्र आणि फ्री म्हणजे फुकटही. कंपन्यांना वाटे, हा भिकेचा धंदा दिसतो. 1998 च्या जानेवारीत नेटस्केप कंपनीनं आपल्या ब्राउझरची संहिता उघडी करण्याचं जाहीर केलं, आणि 3 फेब्रुवारीला कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथं काही जण बसले असताना क्रिस्टीन पीटरसन यांनी 'ओपन सोर्स' हा शब्द सुचवला. एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स यांनी त्यावर संस्थाच काढली. त्यांचा मुद्दा व्यवहाराचा होता: दहा जणांनी पाहिलेली संहिता चांगली बनते, चुका लवकर सापडतात, एवढं सांगा आणि स्वातंत्र्याचं प्रवचन आवरा. स्टॉलमन तेव्हा जे म्हणाला तेच आजही म्हणतो, की तुम्ही हक्क बाजूला ठेवून गुणवत्ता विकताय. मधल्यांनी मग 'फॉस', 'फ्लॉस' अशी जोडनावं काढली.

आयआयटी मुंबईच्या शिक्षणप्रकल्पाचं नाव 'फॉसी' आहे. ते उलगडलं तर फ्री, लिब्रे (म्हणजे 'स्वतंत्र'), ओपन सोर्स सगळे आत सापडतात. लग्नपत्रिकेत सगळ्या आत्या-मामांची नावं घालावीत, कोणी रुसायला नको, तसं. काम मात्र भक्कम आहे. मॅटलॅब या महागड्या गणिती सॉफ्टवेअरऐवजी मुक्त सायलॅब वापरून पाठ्यपुस्तकांतली उदाहरणं देशभरच्या विद्यार्थ्यांकडून सोडवून घेणं, हे त्यातलंच. आणि तिथल्याच प्रा. कन्नन मौदगल्य यांचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प तर मराठीतही आहे. इंटरनेट नसलं तरी शाळेच्या खोलीत लावता येतो.

आता मराठीकडे येऊ. इंग्रजीची अडचण आपल्याला नाहीच, असं मी पूर्वी अभिमानानं सांगायचो. आपल्याकडे 'मोफत' वेगळा, 'मुक्त' वेगळा. मल्याळममध्ये 'स्वतंत्र' म्हणतात, तिथल्या भाषा-तंत्रज्ञानाच्या चळवळीचं नावच 'स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग' आहे. तमिळमध्ये 'कट्टट्र', म्हणजे बंध नसलेलं. आपण 'मुक्त' म्हणावं आणि भांडण संपवावं. हे ऐकून सर हसले होते. म्हणाले, "नाशिकच्या विद्यापीठाला काय म्हणतोस?" यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झालं. तिथं 'मुक्त' हा 'ओपन'चा तर्जुमा आहे. मुक्तछंदात तोच 'फ्री'चा. म्हणजे इंग्रजीत 'फ्री'नं दोन अर्थ एका खोलीत कोंबले, मराठीत 'मुक्त'नं कोंबले, फक्त खोली वेगळी. ओपन सोर्सला आपण 'मुक्तस्रोत' केलं, फ्री सॉफ्टवेअरला 'मुक्त सॉफ्टवेअर', आणि जे भांडण स्टॉलमन 1998 पासून जिवंत ठेवतोय ते मराठीत शब्दकोशातच गाडलं गेलं. (त्या 'मुक्तस्रोत'चं निम्म्या ठिकाणी 'मुक्तस्त्रोत' होतं. स्रोतात 'त' एकच आहे, हे सांगून सांगून सर थकले.)

शिवाय 'मुक्त'ला आता सरकारी वळण लागलंय. तंबाखूमुक्त शाळा, हागणदारीमुक्त गाव, कर्जमुक्त शेतकरी. मागे लागला की तो 'शिवाय' असा अर्थ देतो. एका प्रशिक्षणात मी फळ्यावर 'मुक्त सॉफ्टवेअर शाळा' लिहिलं. मागून एक बाई म्हणाल्या, "आमची सॉफ्टवेअरमुक्त शाळा आहे, चालेल का?" त्यांच्या शाळेत वीज दिवसातून काही तास असायची. त्या विनोद करत नव्हत्या.

मग 'खुलं' म्हणावं का? इथं मला एका आश्रमशाळेतल्या मुलीनं गप्प केलं. दहावीची होती, वारली समाजातली. मी तासभर ओपन सोर्सचं कौतुक केल्यावर तिनं विचारलं, "सर, ओपन म्हणजे ओपनवाल्यांसाठी?" महाराष्ट्रात कोणत्याही फॉर्मवर 'खुला' या चौकटीत खूण करणारा कोण आणि खालच्या चौकटीत करणारा कोण, हे तिला पाठ होतं. 'खुला' प्रवर्ग म्हणजे जिथं तिची फी जास्त आणि जागा नाही. पालो आल्टोच्या त्या बैठकीत हा अर्थ कोणाच्या स्वप्नातही आला नसेल. पण शब्द ज्या गावात जातो त्या गावचं पाणी पितो.

राहिला 'मोफत'. शाळेत हाच सर्वांत जास्त चालतो आणि माझं सर्वांत जास्त वैर याच्याशी आहे. मराठीत 'फुकट' तर थेट वायाच: मेहनत फुकट गेली, पैसा फुकट गेला. 'मोफत' जरा सभ्य, पण त्याची सोबतीण कोण? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात 'मोफत व सक्तीचे' अशी जोडी आहे. कायद्यात ती योग्यच आहे, पण नवा लॅपटॉप उघडला की आत आधीच बसलेली जी व्यवस्था दिसते तीही अशीच, मोफत वाटते आणि सक्तीची असते. आपल्याकडे एमएससीआयटीचं प्रमाणपत्र 2001 पासून घराघरात आहे. त्यातलं 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट, पण मला भेटलेल्या कित्येक मुलांना ते मायक्रोसॉफ्ट वाटतं. दोष त्यांचा नाही. संगणक म्हणून त्यांना तेच दाखवलं गेलं.

मोफत आणि मुक्त यांतला फरक बालभारतीइतका सोपा करून कोणी दाखवत नाही. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ आज कोणीही उतरवून घेऊ शकतो, दमडी लागत नाही. फार मोठी सोय आहे, मी स्वतः घेतो. पण समजा तलासरीच्या शिक्षिकेला पहिलीचा धडा वारली बोलीत करून, चित्रातली इमारत काढून तिथं कुडाचं घर घालून, शेजारच्या दहा शाळांना वाटायचा आहे. पुस्तकाचे हक्क बालभारतीकडे आहेत. तिला लेखी परवानगी लागेल. पुस्तक मोफत आहे, मुक्त नाही. एनसीईआरटीच्या 2013 मध्ये सुरू झालेल्या मुक्त शैक्षणिक साहित्याच्या भांडारात उलट आहे. तिथला परवाना सांगतो, घ्या, बदला, मूळ नाव सांगा, आणि पुढच्यालाही हीच मोकळीक द्या. त्या भांडाराच्या उभारणीत मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या मंडळींचा हात होता, आणि ही मंडळी 'मुक्त'वाल्या घराण्यातली, स्टॉलमनच्या चार हक्कांवर वाढलेली.

पण परवाने वगैरे जन्माला येण्याआधी हे सगळं आपल्या जिल्ह्यात होऊन गेलंय, आणि यावर मला आज थोडं रेंगाळायचं आहे.

1926 मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. पद्धत माँटेसोरीची. मारिया माँटेसोरी बाई थोर, पण आपल्या पद्धतीबद्दल कडक. शिक्षक कोणी घडवायचे, साधनं कशी असायची, हे त्या आपल्या हातात ठेवत. साधनं मापात बनवलेली, गुळगुळीत लाकडाची, महाग. शहरातल्या बालमंदिराला ती परवडत. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, सोबत अनुताई वाघ. समोर मुलं कोण? बापासोबत गवत कापायला जाणारी, पाठीवर धाकटं भावंड घेतलेली. या मुलांसाठी इटालियन साधनांचा संच मागवायचा कुठून? बायकांनी शिंपले घेतले, खडे, बिया, पानं, फुलं घेतली. लहान-मोठं, हलकं-जड, खरखरीत-मऊ हे सगळं त्यातून शिकवलं. पद्धत उघडली, तिच्या आत काय चालतं ते समजून घेतलं, आपल्या मातीत बदलली आणि पुढच्यांना दिली. स्टॉलमनच्या चारही मागण्या त्यांनी न मागता वसूल केल्या.

आणि शब्द पाहा. एक मध्यवर्ती बालवाडी, जिथं मुलांनी यायचं. मुलं येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली, ती अंगण बालवाडी. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं चारणारी मुलं शाळेत येत नाहीत, म्हणून कुरणात शाळा, तिचं नाव कुरणशाळा. पाळणाघर ते प्राथमिक शाळा एकत्र, ती विकासवाडी. यांतला एकही शब्द तर्जुमा नाही. शाळा कुठे भरते आणि कोणाकडे चालत जाते, हे शब्दातच सांगितलंय. 1975 मध्ये केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना आणली आणि आज आसामपासून केरळपर्यंत 'अंगनवाडी' म्हणतात. आपल्या पाड्यातला शब्द देशभर गेला, आणि आपण 'फ्री सॉफ्टवेअर'ला मराठीत काय म्हणावं म्हणून तीस वर्षं कपाळाला हात लावून बसलोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की शिक्षणात शब्दाची परीक्षा एकच: तो ऐकून मुलाच्या हाताला काय सुचतं? 'मोफत' ऐकून हात पुढे पसरतो. 'खुलं' ऐकून मूल आत डोकावतं, किंवा त्या मुलीसारखं दारातच थांबतं. 'मुक्त' ऐकून त्याच्या हाताला स्क्रू-ड्रायव्हर घ्यावासा वाटला तर तो शब्द खरा. न वाटला तर तो शब्द चुकला असं नाही, मास्तर चुकला.

म्हणून मी शब्दाच्या बाबतीत 'मुक्त'वाल्यांच्या बाजूचा, आणि कामाच्या बाबतीत 'ओपन'वाल्यांचा ऋणी. शुद्धतेचा अट्टहास करून मुलांना बंद पडलेला प्रिंटर दाखवत बसणारे 'मुक्त'वाले मी पाहिलेत. केरळनं हे नीट केलं. 2001 मध्ये 'आयटी ॲट स्कूल' सुरू झालं, आणि पुढे शाळांचा संगणकविषय मुक्त सॉफ्टवेअरवर आणताना त्यांनी आधी शिक्षक तयार केले. केंद्र सरकारचं 2015 चं धोरण आणखी गमतीचं. नाव 'ओपन सोर्स' स्वीकारण्याचं, पण आत व्याख्या पाहिली तर संहिता अभ्यासता, बदलता आणि मूळ किंवा बदललेली प्रत वाटता आली पाहिजे, असं म्हटलंय. जावयाच्या नावाची पाटी आणि आत सासऱ्याचा संसार.

दोन शब्दांत खरंच फरक पडतो कुठे, असं विचाराल तर खिशात हात घाला. तुमच्या फोनमधलं अँड्रॉइड लिनक्सच्या गाभ्यावर उभं आहे, त्याची बरीच संहिता उघडी आहे. ओपन आहे. पण तुमच्या फोनमधलं नको असलेलं ॲप तुम्हाला काढता येतं का? संहिता जगासाठी खुली आणि फोन तुमच्यासाठी बंद. 'ओपन' या शब्दात याची तक्रार करायला जागा नाही.

आणि वस्तू आपल्याकडे पण ताबा दुसऱ्याचा, हे तारापूरकरांना समजावून सांगावं लागू नये. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन बनावटीच्या, 28 ऑक्टोबर 1969 ला वीज द्यायला लागल्या. 1963 च्या करारानं समृद्ध युरेनियम अमेरिकेनं द्यायचं होतं. 1974 मध्ये पोखरणची अणुचाचणी झाली आणि अमेरिकेनं हात आखडता घेतला. 1978 मध्ये त्यांनी पुरवठा रोखणारा कायदाच केला. 1982 मध्ये फ्रान्सनं इंधन द्यायचं कबूल केलं तेव्हा निभावलं. भट्टी आपल्या दारात आणि सरपण त्यांच्या वखारीत. सुटे भाग येईनात, तेव्हा इथल्याच माणसांनी यंत्र उघडून, समजून घेऊन चालू ठेवलं. पुढे आपल्याकडेच मिश्र इंधन बनवून या भट्ट्यांत घातलं गेलं. 2005-06 मध्ये आलेल्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्या 540 मेगावॉटच्या, आपल्या आराखड्याच्या, नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या. अणुभट्टीचे नकाशे चौकात टांगा असं मी म्हणत नाही. सीआयएसएफवाले दोघं मागच्या रांगेत बसलेत, त्यांनी निश्चिंत राहावं. पण जे यंत्र उघडायची मुभा नाही त्याचे आपण मालक नसतो, हे शिकायला या गावाला पुस्तक लागत नाही.

एक गोष्ट मात्र 'मुक्त'वाल्यांनाही ऐकवायची आहे. वारली चित्र. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ते जगभर नेलं, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज ते साड्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर आहे, आणि काढणाऱ्याला त्यातलं फारसं काही मिळत नाही. 2014 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे इथल्याच आदिवासी तरुणांचा रेटा होता. या तरुणांपुढे जाऊन 'ज्ञान मुक्त हवं' असं मी म्हणालो तर ते विचारतील, "आमचं जंगल, आमची जमीन मुक्त करून झाली, आता चित्र?" बरोबर विचारतील. मोकळीक नुसती दिली की जो बलवान तो उचलून कुंपण घालतो. स्टॉलमनच्या परवान्यातली अट नेमकी याचसाठी आहे: घ्या, बदला, पण तुम्ही जे पुढे द्याल तेही असंच मोकळं द्या. ओपन सोर्सच्या काही परवान्यांत ही अट नसते, कंपन्यांना तेच आवडतं.

या अटीला इंग्रजीत 'कॉपीलेफ्ट' म्हणतात. मराठीत प्रतिशब्द नाही म्हणून मी अडलो होतो, तर सरांनी उत्तर दिलं, ते शेतकऱ्याचे पुत्र: "सावड म्हण." भातलावणीला आज तुमच्या शेतात आम्ही सगळे, उद्या आमच्या शेतात तुम्ही. मजुरी नाही, पण फुकटही नाही. सावडीला येऊन गेलेला स्वतःच्या लावणीला दार लावून बसला तर पुढच्या वर्षी त्याच्या बांधावर कोणी फिरकत नाही. गेली काही वर्षं मी वर्गात 'मुक्त' म्हणतो आणि 'सावड' म्हणून समजावतो. ओपन म्हणजे ओपनवाल्यांसाठी का, हा प्रश्न पुन्हा आलेला नाही.

शेवटी या पुस्तिकेबद्दल. हे भाषण छापायला देताना आयोजकांनी नेहमीप्रमाणे मागच्या पानावर 'विनामूल्य वितरणासाठी' असं टाकलं होतं. मी म्हटलं, ते काढा. त्याऐवजी लिहा की कोणीही याच्या प्रती काढाव्यात, भाषांतर करावं, चुका दुरुस्त कराव्यात, कापून लहान करावं, बोलीत करावं, मात्र आपली दुरुस्त प्रतही इतरांना याच मुभेनं द्यावी. मुद्रकांचा फोन आला. म्हणाले, "साहेब, तिथं जागा एका शब्दाचीच आहे. एक शब्द सांगा."

मी बराच वेळ गप्प राहिलो. मग म्हटलं, टाइप लहान करा.